चावी काढली तरी

दि. ९ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
ताईचे अ. उ. आ. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कारण घरात नवं माणूस आल्यासारखं झालं आहे. ट्रॅक्टर आला. परवा दुपारी ट्रकवरून उतरवला, तेव्हा उतरवणारे चौघं होते आणि बघणारे चाळीस. आपल्या गावातला हा पहिलाच बाहेरच्या देशातला, त्यामुळे जो येतो तो टायरला लाथ मारून बघतो आणि जाणकारासारखी मान हलवतो.

इथे लोकांचे सरळ दोन तट पडलेत. एका तटाचं म्हणणं असं, की आपल्याकडचं इंजिन चार हंगामांत खोकायला लागतं, हे नातवंडं चालवतील. दुसऱ्या तटाचा पुढारी लोहार. त्याने बोनेट उघडायला लावलं, बराच वेळ आत पाहिलं, आणि म्हणाला की यात माझा एकही पाना बसत नाही, म्हणजे हे आजारी पडलं तर मी फक्त उशाशी बसून रडू शकेन. सोबत आलेलं पुस्तक कुणालाच वाचता येत नाही. चित्रं आहेत. एका चित्रात हाताच्या पंजावर लाल फुली मारली आहे, तिचा अर्थ लावण्यात दोन दिवस गेले.

हे मात्र हरखून गेलेत. जेवताना एक कान अंगणात असतो. सकाळी उठून आधी त्याला पुसतात. लग्नाला बारा वर्षं झाली, माझ्या चष्म्याची काच कधी पुसली नाही. मामंजी अजून त्याच्या जवळ गेलेले नाहीत. त्यांचे गुडघे तुला माहीतच आहेत, पण कारण गुडघ्यांचं नाही. ते म्हणतात, बैल बिथरायचा असला की त्याचे कान आधी सांगतात, याला कान कुठे आहेत.

मी कुणाला बोलले नाही, तुला सांगते. इंजिन सुरू झालं की फडताळातले कप एकमेकांवर वाजायला लागतात आणि मी दोन्ही हातांनी ते धरून उभी राहते. तू याच कंपनीच्या एजंटाच्या वर्कशॉपमध्ये आहेस. हे इंजिन तू उघडून पाहिलं असशील. कसं आहे ते खरं लिही. आईची औषधं वेळेवर होताहेत ना? तुझी मिशी आली का, की अजून फक्त बातमीच आहे?

पोस्टमनची वाट पाहणारी,
तुझी ताई


दि. १६ ऑक्टोबर

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

आईची तब्येत बरी आहे, औषधं मी समोर बसून देतो. मिशीबद्दल पुढच्या पत्रात.

भावोजींचं अभिनंदन कळव. इंजिन ताकदीचं आहे. तेवढ्याच डिझेलमध्ये दीडपट काम होतं, कारण बाहेर पडणाऱ्या धुराचा जोर वापरून आत जास्त हवा कोंबणारा एक पंखा त्यात आहे. त्याला टर्बो म्हणतात. काम संपलं की लगेच चावी बंद करू नये, पाच मिनिटं हळू चालू द्यावं. ऑइल रोज बघावं, खुणेच्या वर कधी भरू नये. सैल कपडे घालून जवळ जाऊ नये.

आणखी दोन गोष्टी. बोनेटच्या डाव्या अंगाला हवा ओढणारं जाड नळकांडं वर आलं आहे. त्याच्यावरच्या टोपीचा स्क्रू सैल ठेवा, हाताने उचलता येईल इतका. आणि वीतभर रुंद, जाड, गुळगुळीत फळी सीटजवळ कायम असू द्या. कधी त्या नळकांड्याचं तोंड बंद करायची वेळ आली तर फळीच ठेवायची, हात नाही. कारण भेटल्यावर सांगेन.

काळजीचं काही नाही. सगळ्याच यंत्रांना थोडी सवय व्हावी लागते.

इथून तुमच्या घराकडे लक्ष असलेला,
तुझा धाकटा


दि. २४ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
ताईचे आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मी एकच गोष्ट विचारली होती, ती सोडून सगळं त्यात आहे. आणि एक सांगू? लहानपणी तू खोटं लिहायचास तेव्हा तुझं अक्षर सुंदर व्हायचं. या पत्रातलं अक्षर छापल्यासारखं आहे.

फळीचं वाचून हे हसले. म्हणाले, इतक्या लांबून समुद्र ओलांडून आलेलं यंत्र, आणि तुझा भाऊ त्याला फळकुटाने मारायला सांगतो. मी तरीही जुन्या कपाटाची एक फळी घेतली. सीटजवळ ती ह्यांच्या पायांत यायला लागली, म्हणून शेडच्या बाहेर खिळ्याला टांगली. टोपीचा स्क्रू हे अंघोळीला गेले असताना मी स्वतः सैल केला. चोरी केल्यासारखं वाटलं.

आता खरं ते लिहिते. गेल्या आठवड्यापासून सकाळी धूर निळा येतो. ऑइल रोज थोडं कमी होतं आणि खाली जमिनीवर एक थेंब दिसत नाही. मग ते जातं कुठे? ह्यांना विचारलं तर म्हणाले, नवं इंजिन आहे, पितं थोडं. नदीपलीकडच्या बटाटेवाल्याने हाच ट्रॅक्टर घेतला होता. महिन्यात परत केला. लोकांनी कारण विचारलं तर तो विषय बदलतो आणि घरात जातो. तो तोंडाचा फटकळ माणूस आहे, गप्प बसणारा नाही. तो गप्प का आहे?

पेरणी तोंडावर आहे. हे दिवसभर त्या सीटवर असतात आणि मी दिवसभर आवाज ऐकत असते. चढला की हातातलं काम थांबतं, उतरला की पुन्हा सुरू होतं. मामंजींच्या हे लक्षात आलंय. काल मला म्हणाले की तूही माझ्यासारखी कान शोधायला लागलीस.

तुला शपथ घालत नाही. ताई विचारते आहे, एवढंच.

तुझी,
ताई


दि. ३० ऑक्टोबर

ताई,

मायना लिहायला हात धजत नाही. अक्षराकडे बघू नकोस, घाईत लिहितो आहे.

ट्रॅक्टर बंद ठेवा. हे पत्र हातात पडेल त्या क्षणापासून.

चार महिन्यांपूर्वी याच खेपेतला एक ट्रॅक्टर, तुमच्या त्या बटाटेवाल्याचाच, वर्कशॉपमध्ये आला, निळ्या धुराची तक्रार घेऊन. त्या टर्बोच्या पंख्यामागचं सील कच्चं निघालं होतं. तिथून इंजिनचं स्वतःचं ऑइल हवेबरोबर आत ओढलं जातं. एका मर्यादेनंतर इंजिन डिझेल सोडून त्या ऑइलवरच धावायला लागतं. मग चावी काढली तरी थांबत नाही, डिझेल तोडलं तरी थांबत नाही. जितकं जोरात फिरतं तितकं जास्त ऑइल ओढतं आणि जितकं ऑइल ओढतं तितकं जोरात फिरतं, फुटेपर्यंत. आमच्याकडे तपासतानाच तो असा सुटला. मला काम शिकवणाऱ्या वस्तादांना हवा बंद करणं हा एकच उपाय माहीत होता. जवळ काही नव्हतं म्हणून त्यांनी पाइपाच्या तोंडावर हात ठेवला. उजव्या हाताची तीन बोटं गेली. इंजिन थांबलं.

साहेबांनी आम्हा सगळ्यांना बोलावून सांगितलं की बाहेरच्या कंपनीला कळवलंय, उत्तर येईपर्यंत गिऱ्हाइकांना घाबरवायचं नाही. बोलेल त्याने दुसरी नोकरी बघावी. एका कागदावर सह्या घेतल्या. माझीही आहे, आणि बटाटेवाल्याचीही, पैसे परत करताना घेतलेली. उत्तर अजून आलेलं नाही.

आई, तिची औषधं, ही खोली, असं सगळं मनात मोजलं आणि तुला फळी लिहिली. वाटलं, तेवढ्याने निभावेल. इथला फोन साहेबांच्या टेबलावर आहे आणि तुझ्याकडचा दुकानात, म्हणून पत्रच पाठवतो. रजा मागितली, मिळाली नाही. या रविवारीही काम आहे, पुढच्या रविवारी येतोच.

तुझा


दि. ५ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,

तुझं पत्र आज सकाळी आलं. ट्रॅक्टर कालच बंद झाला. रविवारी येऊ नकोस. का ते शेवटी लिहिते.

काल दुपारी हे बियाणं न्यायला शेतातून आले आणि ट्रॅक्टर उलटा घेऊन शेडच्या दारात लावला. मागे ट्रॉली, त्यामुळे दार जवळजवळ बुजलं. आत मामंजी स्टुलावर बसून बियाणं निवडत होते. ह्यांनी पाच मिनिटं थांबून चावी बंद केली, तुझ्या सांगण्याप्रमाणेच. आवाज उतरला आणि मग पुन्हा चढला. मी स्वयंपाकघरात होते. मला वाटलं, काहीतरी विसरले असतील म्हणून पुन्हा सुरू केलं.

पण आवाज थांबेना. चढत गेला. असा आवाज मी कधी ऐकलेला नाही, धाकट्या. त्यात रागही नव्हता, नुसता चढत होता. फडताळातला एक कप खाली पडला तेव्हा मी बाहेर पळाले. अंगणात पांढरा-निळा धूर, समोरचं दिसत नव्हतं. पेरणीला आलेली दोन माणसं कुंपणापलीकडे जाऊन ओरडत होती. हे कुठे होते ते धुरात दिसलं नाही. शेडमधून मामंजींचा खोकला ऐकू येत होता. ट्रॉलीवरून चढून बाहेर येणं त्यांच्या गुडघ्यांना कसं जमणार?

फळी खिळ्यावर होती. टोपी एका हाताने उचलली गेली. नळकांड्यावर फळी ठेवली तशी ती माझ्या हातातून ओढून घेतल्यासारखी तिथे चिकटली, आणि खांद्यात काहीतरी लचकलं. पाच-सहा वेळा इंजिन गचके खात राहिलं. मग थांबलं. ते थांबल्यावर मला मामंजींचा खोकला इतका मोठा ऐकू आला, की तिथेच खाली बसले.

मामंजी बरे आहेत. घसा बसलाय. माझा खांदा बांधलाय, डावा आहे, म्हणून लिहू शकते.  ह्यांनी ट्रॅक्टरवर ताडपत्री टाकली आहे आणि तिकडे पाहतही नाहीत. काल संध्याकाळी लोहार आला, आजाऱ्याला भेटायला माणसं येतात तसा येऊन बसला, आणि मी तर सांगतच होतो असं एकदाही म्हणाला नाही. त्याबद्दल त्याला चहा दोनदा दिला.

आता तुझं. मी तुझ्यावर रागावले आहे आणि हा राग दोन दिवसांत जाणारा नाही. तुझ्या फळीने माझं घर वाचवलं हेही खरं, आणि चार महिने तू गप्प होतास हेही खरं. दोन्ही एकाच वेळी कसं सांभाळायचं ते मला अजून येत नाही. पण मला सांग, या खेपेतले असे किती विकले गेले? त्यांचे पत्ते तुमच्या वर्कशॉपच्या वहीत असतील. त्या बाकीच्या घरांत कुणाचा भाऊ मेकॅनिक नाही. रविवारी इथे येण्याऐवजी बसून ती पत्रं लिही.

ताई


दि. २६ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अकरा विकले गेले होते. तुमचा आणि बटाटेवाल्याचा सोडला तर नऊ. पत्ते मी दुपारी साहेब जेवायला गेले असताना उतरवून घेतले. घाईत दोन पत्ते चुकले, ते पुन्हा लिहावे लागले. रविवारी नऊ पत्रं लिहिली, खाली स्वतःचा पत्ता घातला आणि पेटीत टाकली. टाकल्यावर पेटीत हात घालून परत काढता येतील का, असं खरंच मनात आलं. खोटं नाही लिहीत.

आठव्या दिवशी त्यातलं एक पत्र साहेबांच्या टेबलावर होतं. गिऱ्हाइकाने चौकशीला पाठवलं होतं, त्याचा काही दोष नाही. मला विचारलं, मी हो म्हणालो. आता मी पंप दुरुस्तीच्या एका टपरीत काम करतो. आईला सांगितलं तेव्हा तिने, आता जेवायला घरी येणार की डबा नेणार, एवढंच विचारलं. मला रडू आलं आणि तिला वाटलं, नोकरीमुळे.

आठ ठिकाणांहून उत्तरं आली. बंद केलाय, अशी. एकाने लिहिलंय की आमच्याकडे निळा धूर येतच होता आणि आम्ही त्याला विदेशी चाल समजत होतो.

नववा माणूस निवृत्त हेडमास्तर आहे, आता सूर्यफूल करतो. त्याने माझंच पत्र परत पाठवलं. शुद्धलेखनाच्या सात चुका लाल शाईने दुरुस्त करून, खाली शेरा, की स्वतःला न जमणाऱ्या गोष्टींना नावं ठेवणाऱ्यांची भाषा अशीच असते, आणि ट्रॅक्टर उत्तम चालू आहे. हसू येतं, आणि मग येत नाही. तो ट्रॅक्टर रोज चालतोय. मी बसने तिथे जाणार आहे. मला बोलायला जमत नाही हे तुला ठाऊक आहे.

तुझ्या रागालाही आपला समजणारा,
धाकटा


दि. २ डिसेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मी मोठ्याने वाचलं, मामंजींना ऐकू यावं म्हणून. हे दाराशी उभे होते. महिनाभर हे जेमतेम हो-नाही बोलताहेत. हेडमास्तरांचा मजकूर संपल्यावर म्हणाले, की त्याला लिही, सोमवारी बसस्टँडवर थांबायला सांग, मी येतो आहे. मी कारण विचारलं. म्हणाले, त्या माणसाला मी ओळखतो. ते कधी भेटलेले नाहीत, तरीही मला समजलं.

ह्यांना सांभाळून ने. रात्री झोपेत दचकतात. माझा खांदा आता वर जातो. राग अर्ध्यावर आलाय.

तुझी ताई


दि. १० डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल जाऊन आलो. जे झालं ते क्रमाने लिहितो.

बसमध्ये भावोजी चार तास खिडकीतून बाहेर पाहत होते. आम्ही पोचलो तेव्हा हेडमास्तर शेतातच होते, ट्रॅक्टर चालवत, आणि बाजूच्या मडगार्डवर सात-आठ वर्षांची नात बसलेली. धूर मी बांधावरूनच पाहिला. निळा. माझे पाय तिथेच थांबले. भावोजी थांबले नाहीत, सरळ नांगराच्या तासांमधून चालत समोर जाऊन उभे राहिले. हेडमास्तरांनी ट्रॅक्टर थांबवला, पण इंजिन चालूच ठेवलं.

मी सील, ऑइल, टर्बो असं बोलायला लागलो. त्यांनी मला ओळखलं आणि विचारलं, की हा शब्द ऱ्हस्व का दीर्घ ते आता तरी पाठ झालं का. मग भावोजींकडे वळून म्हणाले, की आपल्या लोकांना चांगली वस्तू पचत नाही, आणि तुमचं यंत्र बिघडलं असेल तर चालवणाराच अडाणी असणार. भावोजी म्हणाले की मीही हेच म्हणत होतो, अगदी याच शब्दांत. आणि मग त्यांनी सांगितलं.

तू मला ते लिहिलं नव्हतंस, ताई. त्यांनी सांगितलं, की आवाज चढला तेव्हा ते सीटवरून उडी मारून पळाले. शेडमध्ये वडील आहेत हे माहीत होतं. पाण्याच्या टाकीमागे जाऊन कान दाबून बसले, आणि तिथून तू धुरात शिरताना दिसलीस, तरी उठले नाहीत. म्हणाले, मी भित्रा आहे असं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. तुम्हालाही वाटत नसेल. तो आवाज झाला की तुम्ही कोण आहात ते तुम्हाला कळेल, आणि मुलगी मडगार्डवर असेल. हे सगळं त्यांनी इंजिनच्या आवाजावर मात करत, परक्या माणसाला, ओरडून सांगितलं. शेतातली दोन माणसं ऐकत होती.

 हेडमास्तरांनी नातीला उचलून माझ्या हातात दिलं आणि तिला घेऊन लांब जायला सांगितलं. मी बांधापर्यंत गेलो. त्यांनी चावी फिरवली. आवाज उतरला. मग पुन्हा किंचित चढला, ताई, मी तो ऐकला, पोरगीसुद्धा माझ्या गळ्याला घट्ट बिलगली. भावोजी ट्रॅक्टरपासून दोन हातांवर उभे होते. हलले नाहीत. आवाज तिथेच अडखळला, खाली आला आणि थांबला.

त्यानंतर हेडमास्तर उतरले. भावोजींनी त्यांना धरून बांधावर आणलं. निघताना त्यांनी मला शुद्धलेखनाचं पुस्तक दिलं, ते इथे पंपाच्या टपरीत ठेवलंय.

परतीच्या बसमध्ये भावोजींनी मला सांगितलं, की हे ताईला कळवू नकोस. मी हो म्हणालो नाही. गप्प राहण्याचं काम मी सोडलंय, हे त्यांनाही सांगितलं.

आईचा तुम्हां सगळ्यांना आशीर्वाद.

तुझा धाकटा


दि. १७ डिसेंबर

चि. धाकट्यास,
ताईचे अ. उ. आ. वि. वि.

तू कळवलंस ते बरं केलंस, पण मला माहीत होतं. धूर तेवढाही दाट नव्हता. मी धावताना टाकीमागे त्यांचा सदरा पाहिला होता. लिहिलं नाही, कारण नवऱ्याची एवढी गोष्ट भावालाही सांगायची नसते असं वाटलं, आणि न सांगून ती माझ्याही छातीवर दगडासारखी बसली होती. मी त्यांना दोष देत नव्हते, फक्त त्यांच्या डोळ्यांत बघता येत नव्हतं. त्यांनाही माझ्या. एका घरात आम्ही दोघं महिनाभर भिंतींशी बोलत होतो.

ते तुझ्याकडून आल्यावर दोन दिवस तसेच गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी मामंजी व्हरांड्यात ऊन खात बसले होते. हे त्यांच्यासमोर जमिनीवर जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. मी आत डाळ निवडत होते, हात थांबले. मला त्या आवाजाची जितकी भीती वाटली नव्हती तितकी त्या शांततेची वाटली. मामंजींनी पुरतं ऐकून घेतलं. मग म्हणाले, की माझे गुडघे धड असते तर मी तुझ्या आधी टाकीमागे पोचलो असतो, आणि तुला बसायला जागा उरली नसती.

हे रडले. मग मामंजी. मी आतच राहिले.

कंपनीचा माणूस नवं सील घेऊन येणार आहे असं पत्र आलंय. आला की बघू. तोवर लोहाराचा जुना ट्रॅक्टर भाड्याने घेतलाय. तो खोकतो, तासाला एकदा बंद पडतो, आणि बंद पडला की आम्ही सगळे सुटकेचा श्वास सोडतो.

राग गेला. कधी गेला ते कळलं नाही. आईला घेऊन ये, चार दिवस राहा. तुझ्या मिशीची वार्ता खरी की खोटी ते डोळ्यांनी बघायचं आहे. माया होती तशीच इथे आहे, येऊन घेऊन जा.

तुझी,
ताई